पासष्टावी सूचना

थोरलीनं जेवढी तयारी केली तेवढी माणसं परदेशात कायमचं राहायला जातानाही करत नाहीत. नानांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, हाताला कंप सुटला, पाय फरफटू लागले आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगून "हे आता हळूहळू वाढतच जाणार" असं म्हटलं, तेव्हा मधला भाऊ खिडकीबाहेर बघत बसला, धाकटी बहीण रडली आणि थोरलीनं पर्समधून पेन काढलं. घरात कुठलंही संकट आलं की तिघांची ही ठरलेली कामं. आई गेली तेव्हाही वाटणी अशीच झाली होती.

रुग्णालयात शनिवारी सकाळी एक वर्ग चालायचा, घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी. पाच शनिवारांचा. थोरली पाचही शनिवार पहिल्या बाकावर. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, घास अडकू नये म्हणून हनुवटी कशी खाली ठेवायची, सगळं तिनं उतरवून घेतलं. न्हाणीघरात तीन ठिकाणी दांडे ठोकून घेतले, दारांच्या आतल्या कड्या काढल्या, पायात येणारी सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. आणि एक वही केली, क्रमांक घालून. 'अकरा: शर्टाची डावी बाही आधी.' 'अठ्ठावीस: गोळी गिळेपर्यंत प्रश्न विचारू नये, उत्तर द्यायच्या नादात ती गालात राहते.' पहिल्या चार महिन्यांत ही वही चौसष्ट सूचनांपर्यंत गेली.

शेवटच्या शनिवारी वर्ग घेणाऱ्या नर्सनं एकेक छापील कागद वाटला. त्यावर तीन प्रश्न होते. तुमच्या स्वतःच्या आयुष्यात काय बदलेल? तुम्ही आजारी पडलात तर कोण करील? फक्त तुम्हालाच जमतं असं कोणतं काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला कधी शिकवणार? बाकीचे लोक पेन चावत बसले. थोरलीनं तिन्ही प्रश्नांपुढे 'लागू नाही' असं लिहून कागद सगळ्यांच्या आधी परत केला.

नर्सनं तो चष्म्यावरून वाचला. "बाई, पेशंटची तयारी अगदी झकास झालीय. तुमची कधी करणार?"

"मी ठणठणीत आहे."

"म्हणून तर विचारते," नर्स म्हणाली आणि कागद परत देऊन पुढच्या बाकाकडे वळली.

थोरलीला हा आगाऊपणा वाटला. पण कागद टाकून देणं तिच्या हातून होत नाही, बापाचा वारसा. नाना छत्तीस वर्षं कोर्टात टंकलेखक होते. तिनं तो कागद वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला आणि विसरून गेली.

थोरली कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यांवरून प्लॅस्टरचे जबडे बनतात, मग त्यांवर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायचा. हे दात बसवायचं काम सगळ्यात अवघड. समोरचे सहा दात असे लागले पाहिजेत की माणूस हसला तर त्याच्या बायकोला तो अनोळखी वाटू नये. त्यासाठी उजेड लागतो. कारखान्यात उत्तरेकडच्या खिडकीपाशी एकच टेबल आहे, आणि ते टेबल मिळायला थोरलीला अठरा वर्षं लागली. अठरा वर्षं प्लॅस्टर कालवून, घासून, पॉलिश करून ती तिथे पोचली. लग्न तिनं केलं नाही. का नाही, हे विचारणारे थकले आणि त्यातले काही आता तिनंच बसवलेल्या दातांनी जेवतात.

त्या धंद्यात एक रीत आहे. प्रत्येक कारागीर आपली एक खुबी स्वतःपाशी ठेवतो. मालक हिरडीचा रंग कालवताना अजूनही भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. पॉलिशवाला शेवटचा हात कशानं मारतो ते कुणाला माहीत नाही. कुणी विचारतही नाही, विचारणं असभ्य. बाकी सगळं शिकवायचं, एवढं एक ठेवायचं. उद्या कुणी तुम्हाला जागेवरून उठवायला आलं, तर ते एवढ्यासाठी दोनदा विचार करतं. थोरली हे तिशीतच शिकली आणि तिला ते कधीच वावगं वाटलं नाही.

तिघा भावंडांनी चार-चार महिने वाटून घेतले. पहिली पाळी थोरलीची, कारण तयारी तिचीच झाली होती. शिवाय, धाकटी म्हणाली तसं, "ताई, तुझ्यामागे व्याप नाही." खिडकीजवळच्या टेबलाला व्याप म्हणत नसावेत.

नाना आले. तिच्या दोन खोल्यांपैकी आतली त्यांना मिळाली, कारण न्हाणीघर तिला लागून. थोरलीनं स्वतःसाठी स्वयंपाकघरात घडीचा पलंग टाकला, ओटा आणि कपाट यांच्या मधोमध. कपाट उघडायचं तर पलंग मिटायचा, पलंग उघडायचा तर कपाट मिटलेलं. वही होती, दांडे होते, सगळं जागच्या जागी होतं. पण नाना दारात आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. ढकललं तर पडतील, ओढलं तर पडतील. पंधरा-पंधरा मिनिटं बापलेक दारात उभे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. जेवणाचंही तेच. तोंडात गेलेला घास तिथेच. चावणं थांबलेलं, गिळणं थांबलेलं, डोळे मात्र तिच्याकडे, माफी मागणारे. एक वाटी सूप संपायला दीड तास. तोवर कारखान्यात खिडकीतला उजेड निम्मा संपलेला असायचा.

एका सकाळी ती अशीच चमचा धरून बसली होती. कामाची लोखंडी काडी, मेण कोरायची, कायम तिच्या खिशात असते. हात रिकामा असला की ती बोटांत फिरवायची सवय आहे. ती निसटली आणि पाण्याच्या ग्लासच्या कडेवर पडली. टिंग.

नानांनी घास गिळला. त्यांचा डावा हात वर उठला, हवेत काहीतरी उजवीकडे सारलं आणि खाली आला. मग त्यांनी तोंड उघडलं.

थोरली बघतच राहिली. तिनं काडी पुन्हा ग्लासवर मारली. पुन्हा गिळणं, पुन्हा डावा हात, पुन्हा उघडं तोंड. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. टाइपरायटरची घंटा. ओळ संपत आली की यंत्र टिंग करायचं आणि नाना डाव्या हातानं गाडा उजवीकडे सारून पुढची ओळ धरायचे. छत्तीस वर्षं. बाकी सगळ्या तारा तुटल्या तरी ही एक शाबूत होती. थोरली हसली, कितीतरी दिवसांनी, आणि नानाही हसले, तिनंच बसवलेल्या दातांनी.

दारातही तेच. ती मागे उभी राहून चौकटीच्या पितळी बिजागरीवर काडी वाजवायची आणि नाना पुढची ओळ धरल्यासारखं पाऊल टाकायचे. अर्ध्या तासात जेवण. साडेदहाला घरकामाची बाई येऊन चार तास बसायची, तेवढ्यात थोरली कारखान्यात जाऊन यायची.

ही गोष्ट तिनं वहीत लिहिली नाही. पहिल्या दिवशी घाईत राहून गेली. दुसऱ्या दिवशी पेन हातात होतं, वही उघडी होती, आणि तिनं लिहिलं, 'चौसष्ट: अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघावं.' वही मिटली. खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. तिन्ही पोरांत नाना एकट्या तिच्यापाशी जेवतात, ही गोष्ट कपाट आणि ओटा यांच्या मधोमध झोपणाऱ्या बाईला पुरत होती. पन्नाशीनंतर आपल्या बापाचं लाडकं होता येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चार महिने झाले. नाना मधल्याकडे गेले, वहीसकट. आठव्या दिवशी परत. मधला दारात उभा, नाना व्हीलचेअरमध्ये गालफडं बसलेले.

"काही खातच नाहीत गं. हिनं सगळं वहीतलं केलं, एकूण एक."

"हनुवटी?"

"हनुवटी, डावी बाही, सगळं. ताई, तुलाच जमतं ते. तुझ्या हाताला काहीतरी आहे."

थोरलीनं नानांना आत घेतलं आणि मधल्याकडे पाठ करून ग्लास जवळ ओढला. धाकटीकडून नाना दहाव्या दिवशी आले. तिनं जाताना थोरलीला मिठी मारली. "तू देवमाणूस आहेस." देवमाणूस म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग पाळ्या बंदच झाल्या. दीड वर्ष. भावंडं रविवारी यायची, फळं आणायची, नानांना अर्ध्या तासात जेवताना बघायची आणि माना डोलवायची. काडी कुणाच्या नजरेत आली नाही. थोरलीच्या बोटांत ती गेली तीस वर्षं होतीच. घर, जिना आणि कारखाना एवढाच थोरलीचा प्रदेश उरला. केस कापायला जाणं बंद, कारण तिथे थांबावं लागतं. शेजारीण सहज म्हणून बोलायला आली तरी तिचं लक्ष आतल्या खोलीकडे. न्हाणीघरात ती स्वतः अंघोळ करायची ती नळ बंद ठेवून, बादलीतल्या पाण्यानं, हाक ऐकू यावी म्हणून. पडसं झालं तर मास्क लावून भरवायचं. नर्सच्या कागदावरच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं, कुणी नाही. रागवावं तर कुणावर? नाना भांडत नव्हते, भाऊ नाकारत नव्हता, तो तर हात जोडून सांगत होता की आम्हाला येत नाही हो.

अशात मालकांनी तिला बोलावलं. पंच्याहत्तरीचा माणूस, आढेवेढे न घेणारा.

"तुम्ही अकराला येता, दोनला जाता. खिडकीतलं टेबल दिवसभर रिकामं. डॉक्टर मला फोन करतात, मी काय सांगू, उजेड आहे पण माणूस नाही?"

"घरचं ठाऊक आहे तुम्हाला."

"ठाऊक आहे, म्हणून दीड वर्ष थांबलो. सोमवारपासून पूर्ण दिवस या. नाहीतर टेबल चष्मेवालीला देतो, तुम्ही मागे पॉलिशला बसा, वाटेल तेव्हा येत-जात राहा." चष्मेवाली म्हणजे पंचेचाळिशीची, शांत, हात चांगला, आणि नऊला हजर. तिच्यावरही रागवता येईना.

थोरलीनं त्याच संध्याकाळी मधल्याला फोन केला. "नानांना गुरुवारी तुझ्याकडे आणते. चार महिने."

"ताई, पण जेवण..."

"प्रयत्न करा."

हे तिनं म्हटलं तेव्हा काडी तिच्या हातात होती. गुरुवारी नानांना सोडताना ती तिच्या खिशात होती. वही तिनं वहिनीच्या, म्हणजे मधल्याच्या बायकोच्या, हातात दिली, काडी दिली नाही. का, ते तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, लक्षात नाही आलं. लक्षात आलं होतं.

शनिवारी दुपारी एकला मधल्याचा फोन आला. "तीन दिवसांत मिळून एक वाटी सूप पोटात गेलं असेल. तू ये."

मधल्याचं घर दोन बस-थांबे पलीकडे, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. आत शिरता शिरता थोरलीचा पाय कशालातरी लागला. नानांची बॅग. भरलेली, चेन लावलेली, वर त्यांची टोपी. दारातच ठेवलेली, निघणाऱ्या माणसाच्या हाताशी यावी तशी.

नाना टेबलापाशी बसले होते. वहिनी समोर, हातात चमचा. वहिनी खोकी छापणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे, हजार खोक्यांतून एक वाकडं छापलेलं बाजूला काढते, दिवसभर. तिचे डोळे लाल झाले होते, पण हनुवटी वगैरे सगळं वहीबरहुकूम. नानांच्या गालात घास फुगून बसला होता. थोरलीला बघून त्यांचे डोळे तसेच झाले, माफी मागणारे.

"आलीस," मधला म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की थोरलीला पॉलिशच्या मशीनची घरघर ऐकू आली. मागची खोली, खिडकी नाही, वर एक ट्यूब. तिथून निवृत्त व्हायचं.

"जेवण उरकलं की रिक्षा बघतो," तो म्हणाला. "तू एकदा भरवून बघ, म्हणजे वाटेत भूक नको."

वहिनी उठली आणि खुर्ची मोकळी केली. थोरलीनं बसायचं, पाठ जरा वळवायची, ग्लास ओढायचा, आणि अर्ध्या तासात बॅग उचलायची. सगळं तिच्यासाठी मांडून ठेवलं होतं. तिची खुर्ची, तिचा बाप, तिचा हातगुण.

ती बसली नाही. तिनं खिशातून काडी काढून वहिनीच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"ग्लासच्या कडेवर मारा. एकदाच. हळू."

"काय?"

"मारा तर खरं."

वहिनीनं मारली. टिंग. नानांनी घास गिळला, डावा हात हवेतून उजवीकडे गेला, तोंड उघडलं. वहिनीनं चमचा दिला, पुन्हा मारली. तेच. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मधला खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"टाइपरायटरची घंटा आहे ती," थोरली म्हणाली. "ओळ संपली, पुढची धरा. दारात पाय अडले तरी हेच करायचं. पितळ असलं तर पितळावर."

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या पाळीत."

मधल्यानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "मी आठ दिवस त्यांना उपाशी बघितलंय, ताई. मला वाटायचं माझाच हात वाईट."

वहिनीनं एका हातानं भरवत दुसऱ्या हातानं वही ओढली, शेवटून उघडली आणि पुठ्ठ्यावरचा कागद थोरलीकडे फिरवला. तपासनीस बाई, तीन दिवसांत मागचं पानही सोडलं नव्हतं.

"तिसरा प्रश्न. इथे तुम्ही 'लागू नाही' लिहिलंय."

"तेव्हा नव्हता लागू."

"आणि नंतर?"

"नंतर होता," थोरली म्हणाली.

वहिनी चमचा भरत राहिली. आणि थोरलीला जे दिसलं ते तिला दीड वर्षात कधी दिसलं नव्हतं, कारण ती स्वतः वाजवत होती. नाना घंटा वाजवणाऱ्या हाताकडे बघतच नव्हते. वहिनी असो, ती असो, घरकामाची बाई असो. घंटा झाली की पुढची ओळ. तिच्या हाताला काही नव्हतं.

"मग बॅग?" मधल्यानं विचारलं.

"उघड. निळा स्वेटर वरच ठेव, त्यांना पाचला थंडी वाजते."

"हेही वहीत नाहीये," वहिनी म्हणाली. "ताई, काय काय नाही ते एकदा बसून आठवा. मी चार महिने करते, पण पूर्ण वही द्या. पुढे धाकट्या वन्संकडेही तीच जाईल."

सोमवारी नऊला थोरली खिडकीपाशी होती. चष्मेवालीनं टेबल पुसून ठेवलं होतं. काडी मधल्याकडे राहिली होती, म्हणून थोरलीनं कपाटातून नवी घेतली. ती अजून हातात बसत नाही. कारखान्यात दिवसभर काचेवर लोखंड वाजत असतं, कुणाचं ना कुणाचं, आणि प्रत्येक वेळी तिची मान वर होते. मग घड्याळाकडे. दहाची गोळी. मग पुन्हा दाताकडे. मालकांनी दुपारी येऊन तिनं लावलेले सहा दात बघितले आणि दोन काढून पुन्हा लावायला सांगितले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

वही आता एकोणऐंशीपर्यंत गेली आहे. पासष्टावी सूचना टिंगची. पण ती लिहिल्यावर आणखी निघत गेल्या, ज्या आपण लपवल्या होत्या हे थोरलीला स्वतःलाही माहीत नव्हतं. उशीची घडी कुठल्या बाजूला. 'बरं' म्हणाले की नको असतं. त्या तिनं फोनवर वहिनीला सांगितल्या आणि वहिनीनं त्या एकेक करून लिहून घेतल्या. मध्येच वहिनी म्हणायची, "थांबा, परत सांगा," आणि थोरली परत सांगायची, पगार कापल्यासारख्या आवाजात.

आतली खोली रिकामी आहे. पलंग तिचाच, गादी तिचीच, खिडकीही. थोरली अजून स्वयंपाकघरात घडीच्या पलंगावर झोपते, कपाट बंद करून. चार महिने वहिनीचे, चार महिने धाकटीचे, मग पुन्हा तिची पाळी. तोवर दांडे काढायचे कशाला, असं ती म्हणते. परवा तिनं अंघोळीला नळ पूर्ण सोडला, थोडा वेळ, आणि मग बंद करून कान दिला.